प्रकरण ७ : घडीतलं दुकान

किराणा दुकानात गल्ल्यापाशी उभं राहिलं, की सुटे पैसे परत मिळेपर्यंत नजर आपोआप एका जागी जाते. बरण्यांच्या शेजारी पुठ्ठ्याची एक छोटी पेटी असते. समोरून उघडी, आत ओळीने लावलेली पाकिटं आणि मागे ताठ उभं असलेलं पान, त्यावर मोठ्या अक्षरांत मालाचं नाव. सोबत आलेलं पोर विचारतं, "ही पेटी दुकानदारकाकांनी बनवली?" नसेल, तर ती इथवर आली कशी? उभीच आली असेल तर वाटेत चेपली कशी नाही? घडी होऊन आली असेल तर तिला उभं कुणी केलं?

घरगुती उद्योग करणाऱ्या ताईंचा प्रश्न जरा वेगळा असतो. "माझा माल चांगला आहे, पण दुकानात तो मागच्या फळीवर धूळ खात पडतो. पुढे दिसेल अशी पेटी करायची, तर पुठ्ठ्याचा आणि गाडीभाड्याचा खर्च झेपेल का?"

पोराच्या आणि ताईंच्या, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत दडलं आहे : घडीत. ती कुठे घालायची हे कळलं, की पेटी प्रवासात कमी जागा घेते आणि दुकानात पोचल्यावर चटकन उभी राहते.

१. माल स्वतः बोलू लागला

पूर्वी दुकानात मालाला बोलावं लागत नसे. गिऱ्हाईक मागायचं, दुकानदार आतून काढून द्यायचा. ६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली. फळ्यांमधून फिरा, हवं ते स्वतः उचला, शेवटी पैसे द्या. आज सुपरमार्केटमध्ये आपण हेच करतो.

या बदलामुळे मालाची शिफारस करणारा माणूस मधून गेला. ते काम आता वेष्टनाला आणि त्याच्या मांडणीला करावं लागतं. आपल्या किराणा दुकानात तर दोन्ही पद्धती नांदतात. मागच्या फळीवरचं मागावं लागतं आणि काउंटरवरचं हाताने उचलता येतं. म्हणून काउंटरवरची वीतभर जागा सर्वांना हवी असते.

"शेठ, एवढी पेटी इथे ठेवा ना."

"अरे बाबा, मग वजनकाटा कुठे ठेवू?"

माल घेऊन फिरणारे विक्रेते हा संवाद रोज ऐकतात. पेटी आटोपशीर का हवी, याचं सगळ्यात खरं कारण तो वजनकाटा आहे.

२. कागदाला निऱ्या

पेटीच्या आकाराकडे वळण्याआधी पुठ्ठा समजून घेऊ. खोक्याचा कोपरा फाडून कडेने पाहा. दोन सपाट कागदांच्या मधे लाटांसारखा वळवलेला तिसरा कागद दिसेल. साडीच्या निऱ्या डोळ्यांसमोर आणा, म्हणजे लगेच ओळख पटेल. या लाटांना धंद्यात 'फ्लूट' म्हणतात आणि बाहेरच्या सपाट कागदांना 'लायनर'. तीन कागद मिळून झालेला पुठ्ठा तो तीन प्लायचा. निऱ्यांचा आणखी एक थर आणि त्यावर आणखी एक लायनर चढला, की पाच प्लाय.

निऱ्यांनी काय साधतं, ते घरीच करून पाहा. दोन पेल्यांमधे थोडं अंतर ठेवून वर एक साधा कागद टाका आणि त्यावर लिंबू ठेवा. कागद वाकेल, लिंबू पडेल. आता त्याच कागदाला पंख्यासारख्या बारीक घड्या घालून तो पुन्हा ठेवा. लिंबू राहील. कागद तोच आहे, वजनही तेच आहे, फक्त त्याला उंची आली. कोकणातल्या घरांवरचा पन्हळी पत्राही याच जोरावर उभा असतो.

गंमत अशी, की या निऱ्यांचा जन्म खोक्यासाठी झालाच नव्हता. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी पन्हळी कागदाचं पेटंट घेतलं, ते पुरुषांच्या उंच टोप्यांना आतून अस्तर लावण्यासाठी. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या आणि दिव्याच्या काचा गुंडाळायला तो वापरला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याला दोन्ही बाजूंनी कागद चिकटवला, आणि आज आपण ओळखतो तो पुठ्ठा तयार झाला.

निऱ्या जाड-बारीक अशा अनेक मापांच्या असतात. आपल्या कामाच्या दोन : 'बी' फ्लूटची जाडी सुमारे ३ मिलिमीटर, तर 'ई' फ्लूटची सुमारे १.५. 'बी' वजन पेलायला चांगला. 'ई' बारीक असल्यामुळे त्यावर छपाई गुळगुळीत दिसते आणि घडी सुबक पडते. काउंटरवरच्या छोट्या पेट्या बऱ्याचदा 'ई'च्या असतात.

आता दिशा. पुठ्ठा उभा करताना निऱ्याही उभ्या हव्यात. उभ्या निऱ्या म्हणजे शेजारीशेजारी उभे असलेले शेकडो बारीक खांब, वरचा भार ते सरळ खाली उतरवतात. निऱ्या आडव्या ठेवल्या, तर तोच पुठ्ठा थोड्याशा ओझ्याने बसतो. नवख्या कारागिराच्या हातून होणारी ही सर्वांत महागडी चूक, कारण ती छापील पेटीवर दिसत नाही. गोदामात थप्पी लागली की मगच दिसते.

३. भाडं मालाचं, की हवेचं?

एक किलो कापूस आणि एक किलो लोखंड. वजन सारखं, पण कापसाने रिक्षा भरून जाते. मालवाहतूक करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून अनेक कुरिअर कंपन्या दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं खरं वजन. दुसरं आकारावरून काढलेलं : लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला बऱ्याचदा ५००० ने भागायचं. उत्तर किलोत येतं. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचं भाडं लागतं.

एक उदाहरण सोडवू. समजा, रत्नागिरीतल्या एका बचतगटाला आंबापोळीची ५० ग्रॅमची पाकिटं पुण्याला पाठवायची आहेत. पाकीट १५ सेंटिमीटर उंच, ९ रुंद आणि १ जाड. एका पेटीत बारा-बाराच्या दोन रांगा, म्हणजे २४ पाकिटं. मालाचं वजन १.२ किलो. वेष्टनं आणि पुठ्ठा धरून सुमारे १.४ किलो.

पहिला आराखडा असा : पेटी २० सेंटिमीटर रुंद, १४ खोल आणि १६ उंच. मागे नाव छापलेलं १२ सेंटिमीटरचं पान कायमचं उभं. म्हणजे एकूण उंची २८.

दुसऱ्या आराखड्यात पेटी तीच. पण ते पान प्रवासात आडवं होऊन पेटीचं झाकण बनतं. उंची फक्त १६.

आता बाहेरचा मोठा खोका घ्या. आतून ४० × ४२ × ३२ सेंटिमीटर. तळाशी दोन्ही आराखड्यांच्या सहा पेट्या बसतात. पण पहिल्या आराखड्यात थर एकच लागतो, वर ४ सेंटिमीटर जागा वाया जाते. दुसऱ्यात दोन थर नेमके बसतात. म्हणजे त्याच खोक्यात सहा की बारा, एवढा फरक पडला.

भाडं काढू. हिशोब सोपा राहावा म्हणून मोठ्या खोक्याच्या पुठ्ठ्याची जाडी आणि वजन बाजूला ठेवू. ४० × ४२ × ३२ म्हणजे ५३,७६०. त्याला ५००० ने भागलं की आकाराचं वजन सुमारे १०.८ किलो.

पहिल्या आराखड्यात खरं वजन ६ × १.४ म्हणजे ८.४ किलो. भाडं मात्र १०.८ किलोचं, म्हणजे दर पेटीमागे १.८ किलोचं. जवळजवळ ४०० ग्रॅम हवेचं भाडं प्रत्येक पेटी भरते.

दुसऱ्या आराखड्यात खरं वजन १२ × १.४ म्हणजे १६.८ किलो. ते आकाराच्या वजनापेक्षा जास्त आहे, म्हणून भाडं १६.८ किलोचं आणि दर पेटीमागे नेमकं १.४. हवेचा एक पैसाही नाही. शिवाय मोठे खोके निम्मेच लागले आणि टेम्पोतली जागाही निम्मी वाचली. हे सगळं पुठ्ठ्यावरच्या एका घडीने केलं.

४. एक घडी, दोन कामं

स्वीडनमध्ये १९५६ च्या सुमारास 'आयकिया' कंपनीतल्या गिलिस लुंडग्रेन यांच्यापुढे एक टेबल होतं आणि ते गाडीत मावत नव्हतं. त्यांनी पाय काढून टेबलाखाली ठेवले. सुटं करून सपाट पाठवायचं आणि पोचल्यावर जोडायचं, ही त्या कंपनीची पुढची वाट तिथून सुरू झाली. आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर माहीमच्या कंदील गल्लीत गेलात, तर घडीचे आकाशकंदील थप्प्या लावून ठेवलेले दिसतील. हातात येतो तेव्हा तो चपटा असतो. घरी आणून उघडला की मोठा होतो.

जमिनीवर उभ्या ठेवायच्या पुठ्ठ्याच्या मांडणीला हाच मार्ग उत्तम. ६० × ४० × १४० सेंटिमीटरची मांडणी उभी पाठवली, तर ती ३,३६,००० घनसेंटिमीटर जागा खाते. तीच घडी करून ८० × ६० × ५ ची केली, तर २४,०००. एका मांडणीच्या जागेत चौदा.

पण इथे एक धोका आहे. घडीने गाडीतली जागा वाचते, तरी जोडायचं काम दुकानातल्या माणसावर येऊन पडतं. बारा तुकडे, सूचनांचा कागद आणि समोर गिऱ्हाइकांची रांग. अशी मांडणी कित्येकदा जिन्याखालीच राहते. म्हणून लहान पेटीला वेगळा नियम लावावा : माल भरूनच पाठवा, आणि प्रवासात जागा वाचवणारी घडीच दुकानात काहीतरी काम करील असं पाहा.

आंबापोळीच्या पेटीचं झाकण जवळून पाहू. ते १४ सेंटिमीटर लांब आहे आणि मागच्या भिंतीच्या वरच्या कडेला जोडलेलं आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे दोन कान आहेत. पेटी बंद असताना कान आत खोचलेले असतात. दुकानात झाकण वर उचलायचं, पुढची २ सेंटिमीटरची पट्टी मागे दुमडायची आणि दोन्ही कान समोर वळवून बाजूच्या भिंतींतल्या खाचांत अडकवायचे. दुमडलेल्या पट्टीने वरची कड ताठ होते. कानांमुळे पान मागे पडत नाही. १४ मधले २ दुमडले, उरले १२. आपलं नाव छापलेलं पान उभं राहिलं, एकही सुटा तुकडा न लागता.

समोरच्या भिंतीचंही तसंच. तिच्यावर टिकिटांच्या कडेला असतात तशी बारीक छिद्रांची रेघ असते. रेघेवर ओढलं की वरचा भाग सुटतो आणि खाली ५ सेंटिमीटरची कड उरते. पाकीट १५ सेंटिमीटर उंच, म्हणजे वरचे १० दिसतात. मालाचं नाव त्या १० सेंटिमीटरमध्ये आलंच पाहिजे. ते पाकिटाच्या तळाशी छापलं असेल, तर पुठ्ठ्याची कड त्यालाच झाकून टाकते.

पण ही छिद्रं भिंतीला कमकुवत करतात. म्हणून रेघ कोपऱ्यावरून सरळ खाली आणू नये. बाजूच्या भिंतीवरून उतरत्या वळणाने पुढे आणावी. हे कशासाठी, ते सहाव्या भागात येईल.

५. अर्ध्या सेंटिमीटरची किंमत

शिंपी आधी माप घेतो आणि मग कापडाला कात्री लावतो. पेटीचं माप मात्र दोन टोकांनी घ्यावं लागतं. आतून माल ढकलत असतो आणि बाहेरून फळी अडवत असते.

समजा, सुपरमार्केटमधल्या मांडणीचा खण ६० सेंटिमीटर रुंद आहे. आपली पेटी २० ची. तीन बसतील, असं कागदावर वाटतं. पण कारागिराने २० हे आतलं माप धरलं. 'बी' फ्लूटच्या दोन भिंतींची जाडी ६ मिलिमीटर, म्हणून पेटी बाहेरून २०.६ झाली. तीन पेट्यांचे ६१.८. तिसरी बसत नाही. ६ मिलिमीटरपायी खणातली एक तृतीयांश जागा गेली.

उलट जाऊ या. तीन पेट्या सैल बसायला बाहेरून १९.८ हवी, तिघींचे ५९.४ होतात. त्यातून ६ मिलिमीटर वजा केले, तर आतून १९.२. पाकिटांच्या दोन रांगांना १८ लागतात. तरीही १.२ सेंटिमीटर मोकळीक राहिली. म्हणजे जागा होती, फक्त हिशोब उलट्या टोकाने सुरू झाला होता. मोठ्या मालासाठीही असंच मागून पुढे यावं : पॅलेटचं, म्हणजे ज्यावर खोके रचतात त्या पाटाचं माप, मग बाहेरचा खोका, मग पेटी. युरोपातलं पॅलेट १२०० × ८०० मिलिमीटरचं असतं. त्यावर ६०० × ४०० चे चार खोके नेमके बसतात, म्हणून तिथली कितीतरी खोकी आणि मांडण्या याच मापाच्या किंवा त्याच्या हिश्श्याच्या असतात.

आणखी एक कसोटी उभं राहण्याची. पेटी भरलेली असताना ती सहसा पडत नाही. शेवटची दोन पाकिटं उरली, की मागच्या पानाचा भार जाणवतो आणि पंख्याच्या वाऱ्याने ती कलते. म्हणून चाचणी दोनदा घ्यावी : भरलेली आणि जवळजवळ रिकामी. रिकामी पडत असेल, तर तळ वाढवण्याआधी पान २ सेंटिमीटरने कमी करून पाहावं. तळ वाढवला तर वजनकाट्याची जागा जाते.

६. कोपरे आणि पावसाळा

पेटी भरून पाठवली म्हणजे गाडीत तिच्यावर दुसऱ्या पेट्या येणार. आंबापोळीचं पाकीट मऊ असतं, ते भार घेत नाही. काचेच्या बाटल्या असत्या तर त्यांनी घेतला असता. इथे सगळं ओझं पुठ्ठ्यावर पडतं.

खोक्याच्या कुठल्या भागावर किती ओझं येतं? भिंतीचा मधला भाग दाबाने बाहेर फुगतो आणि अंग काढून घेतो. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींना धरून असतात, म्हणून बहुतेक भार तेच पेलतात. घराच्या खांबांसारखेच ते. खांबावर खांब आला पाहिजे. खोके विटांसारखे सांधे चुकवून रचले, तर थप्पी डुलत नाही, पण वरच्या खोक्याचा कोपरा खालच्याच्या मऊ मध्यावर येतो. खोका पॅलेटच्या बाहेर बोटभर लोंबकळला, तरी त्या बाजूचे कोपरे अधांतरी राहतात. आणि छिद्रांची रेघ कोपऱ्यावर आली, तर आपण आपलाच खांब करवतीने चिरला असं होतं.

दुसरी गोष्ट काळाची. पुठ्ठा पाच मिनिटं जेवढं पेलतो, तेवढं महिनाभर पेलत नाही, ओझ्याखाली तो हळूहळू थकतो. म्हणून पेटीची ताकद तिच्यावर येणाऱ्या ओझ्याच्या तिप्पट ते पाचपट धरायची पद्धत आहे.

तिसरी पावसाची. कागद हवेतला ओलावा पितो. मुंबईत किंवा कोकणात जुलैच्या दमट हवेत तर कोरड्या दिवसांतली जवळजवळ निम्मी ताकद उरते, पेटीवर पाण्याचा थेंबही न पडता. आंबापोळी मे महिन्यात तयार होते, पण दुकानात ती श्रावणापर्यंत विकली जाते. तेव्हा पुठ्ठ्याची निवड मे महिन्याच्या उन्हात करू नये. थप्पी कमी उंच लावावी, खालची खोकी जमिनीला टेकू न देता फळकुटावर ठेवावीत, आणि गरज असेल तिथे बाहेरचा मोठा खोका पाच प्लायचा घ्यावा. आतली पेटी मग तीन प्लायची, हलकी राहू शकते. भार मोठा खोका घेतो आणि दिसण्याचं काम पेटी करते.

७. दुकानदाराचं एक मिनिट

युरोपातल्या दुकानदारांनी आणि उत्पादकांनी मिळून अशा पेट्यांसाठी पाच कसोट्या ठरवल्या. ओळखायला सोपी, उघडायला सोपी, फळीवर ठेवायला सोपी, गिऱ्हाइकाला माल घ्यायला सोपी आणि रिकामी झाल्यावर निकालात काढायला सोपी. आपल्या गल्लीतल्या दुकानालाही या पाचही लागू पडतात.

एकदा दुपारच्या वेळी मी एका किराणा दुकानात उभं राहून हे पाहिलं. दुकानदाराच्या हातात पट्टी कापायची पाती होती. बंद पेटीवर कुठून उघडायचं याची खूण नव्हती. त्यांनी सवयीने वरून पाती ओढली आणि आतली तीन पाकिटं चिरली गेली. मागचं छापील पानही मधोमध कापलं गेलं. त्यांची काहीच चूक नव्हती. पेटीवर बोट आत जाईल एवढं एक अर्धगोल भोक आणि शेजारी 'इथून ओढा' एवढे दोन शब्द असते, तर पातीची गरजच पडली नसती.

म्हणून पुठ्ठा कापायचा साचा, म्हणजे डाय, बनवण्याआधी एक साधं काम जरूर करा. कोऱ्या पुठ्ठ्याची डमी हाताने कापा. तिच्यात माल भरा आणि अशी पेटी कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हाती ती एक शब्दही न बोलता द्या. घड्याळ लावा. मिनिटभरात पेटी उभी राहिली, तर ठीक. नाही राहिली, तर त्याचा हात कुठे अडखळला ते लिहून ठेवा आणि डमी पुन्हा कापा. कोरी डमी दहा वेळा कापली तरी थोडक्यात भागतं. डाय एकदा बनल्यावर बदलणं महागात जातं.

८. शेवटची घडी

पाकिटं संपली. आता पेटीचा तिसरा प्रवास सुरू होतो, रद्दीकडे. पुठ्ठ्याचा पुन्हा कागद होतो, म्हणून भंगारवाला तो विकत घेतो. त्यावर प्लॅस्टिकचा चकचकीत थर असेल, आत प्लॅस्टिकची खिडकी चिकटवलेली असेल किंवा चिकटपट्टीचे थर असतील, तर कागद वेगळा करणं अवघड होतं. आपली आंबापोळीची पेटी यात चांगली उतरते. झाकण, कान, कड, सगळं एकाच पुठ्ठ्यातून कापलेलं आहे.

तळ आपोआप बसणारा असेल, तर आणखी सोपं. अशा तळाच्या पाकळ्या कारखान्यातच चिकटवलेल्या असतात. चपटी पेटी दोन्ही कडांनी दाबली, की तळ खटकन बसतो. माल भरणाऱ्या बचतगटातल्या बाईला चिकटपट्टी लागत नाही. दोन महिन्यांनी दुकानदार तोच तळ आतून वर दाबतो आणि पेटी पुन्हा चपटी होते. तो ती पोत्यांच्या मागे, बाकीच्या पुठ्ठ्यांत सरकवतो आणि काउंटरवरची तेवढी जागा पुसून घेतो.

रत्नागिरीला पेटी आली तेव्हा अशीच चपटी होती. आता गेली तीही तशीच. मधल्या काळात २४ पाकिटं विकली गेली, आणि त्या रिकाम्या जागी पुढची पेटी ठेवायला दुकानदार आता नाही म्हणणार नाही.